धाकटीचे आवाज

१

आई दुपारची आडवी झाली की चिंगी कपाटात शिरायची.

एकोणीस वर्षांची घोडी, कॉलेजात जाणारी, आणि गुडघे पोटाशी घेऊन लोंबत्या कोटांखाली बसायची. दादाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो हसून हसून दाराला टेकला. "आई, हिला तिथेच राहू दे. निदान एक खोली तरी मोकळी होईल," म्हणाला. त्याला काय कळणार? मोकळ्या खोलीत बोललं की आवाज भिंतींवर आपटून परत येतो. कोट, शाली आणि रजयांच्या मध्ये बसलं की तो कुठे भरकटत नाही, सरळ मोबाइलमध्ये उतरतो. हौसेने गोष्टी सांगणाऱ्यांची ही जुनी युक्ती. ज्यांच्याकडे स्टुडिओ नाही, त्यांच्याकडे कपाट असतं.

चिंगी सांगायची त्या गोष्टी तिच्या नव्हत्या, आणि होत्याही. 'किल्लीवाली' नावाची एक मालिका होती. नुसती ऐकायची, चित्र नाही. तिची नायिका कुलपं उघडून द्यायचं काम करायची. दर भागात कुणीतरी तिला बोलवायचं आणि वर्षानुवर्षं बंद पडलेली एखादी खोली दाखवायचं. आधी दारावर नखाने टकटक, मग किल्ल्यांच्या जुडग्याची खळखळ, मग तिचा तो सावकाश, जरासा घोगरा आवाज: "उघडतेय हं. दचकू नका." आणि बिजागरी करकरली की चिंगीच्या अंगावर असा काटा यायचा की विचारू नका. जगात कुणाच्या आवाजावरून जीव ओवाळून टाकावा तर हिच्याच, असं तिचं ठाम मत होतं.

ती मालिका एक दिवस मध्येच बंद पडली. कारण कुणी सांगितलं नाही, शेवट कुणाला कळला नाही. किल्लीवालीचा चेहरा तर कुणी कधी पाहिलाच नव्हता. मालिका गेली, तिचे वेडे तेवढे मागे राहिले.

२

त्या वेड्यांचं मोबाइलवर एक मंडळ होतं. ते 'मावशी' चालवायची. तिलाही कुणी पाहिलेलं नव्हतं, पण तिचा निरोप वाजला की माणूस आपसूक पाठ ताठ करून बसायचा. मंडळात जो तो किल्लीवालीच्या नव्या गोष्टी आपल्या आवाजात सांगायचा, आणि बाकीचे ऐकून वाहवा करायचे, नाहीतर पिसं काढायचे.

मंडळाच्या दोन रीती होत्या. एक, घरी टिपलेला प्रत्येक आवाज सगळ्यांच्या 'डब्यात' टाकायचा, वर नाव लावून. कुणाची पावलं, कुणाचं दार, कुणाचा खोकला. म्हणजे दुसऱ्यालाही आपल्या गोष्टीत वापरता येतो. दुसरी रीत आवराआवरीची. गोष्टीत नवं माणूस आणलंत तर गोष्ट संपताना ते परत पाठवायचं, त्याची खूणसुद्धा मागे ठेवायची नाही. मूळ मालिकेला धक्का लागता कामा नये.

चिंगीने आणलेलं माणूस म्हणजे धाकटी.

मूळ मालिकेत किल्लीवालीचं कुणीच नव्हतं. ती लोकांच्या दारात उभ्या उभ्या पाणी प्यायची आणि पुढच्या कुलपाकडे निघायची. ते ऐकताना चिंगीचा जीव तुटायचा. म्हणून तिने तिला एक धाकटी बहीण दिली, आई दिली, घर दिलं. आता घर कुठून आणायचं? आणलं आपलंच. आपल्या सपातांची फटक फटक, आपल्या खोलीची कडी, ताटावर आपटणारा चमचा, एकामागोमाग येणाऱ्या आपल्या शिंका, सगळं टिपलं. धाकटीचं बोलणं अर्थात स्वतःच्याच आवाजात. शेवटी आईला मोबाइलपुढे उभं केलं.

"आई, मला जेवायला हाक मारतेस ना, तशी मार. फक्त धाकटे म्हण."

"चिंगी असताना धाकटी कशाला गं?"

"म्हण ना. पाया पडते."

"धाकटे, ये गं जेवायला! निवतंय सगळं!" आईने हाक मारली आणि मग तिला हसूच आवरेना.

हे सगळे आवाज चिंगीने डब्यात टाकले आणि एकेकावर नाव लावलं, 'धाकटीचा'. 'माझा' असं लिहायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. गोष्ट सांगणाऱ्यांना आपल्या पात्राच्या नावाने मिरवायची केवढी हौस असते!

३

धाकटी लोकांना आवडली. कॉलेजात चिंगीला मागच्या बाकावरची म्हणून ओळखायचे, म्हणजे ओळखायचेच नाहीत. इथे मात्र लोक विचारायचे, आज धाकटी काय करतेय? चिंगी एकावर एक भाग सांगत गेली. परत पाठवायचं नावच काढेना.

मग एका दुपारी, ती कपाटात असतानाच, मावशीचा निरोप आला.

"बाळ, पाहुणी फार राहिली. आता पाठव तिला."

"मावशी, ती पाहुणी नाहीये. तिचं घर आहे ते."

"घर किल्लीवालीचं आहे. तूच दिलंस ना?"

"दिलं. पण बहिणीसकट दिलं."

"मालिकेत बहीण नाही."

"मग घर तरी कुठे होतं? आई तरी कुठे होती?"

यावर मावशीचा आवाज एकदम गोड झाला. "घर तिला आवडलंय, बाळ. घर राहू दे. बहीण तेवढी आवरून टाक."

चिंगीच्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या घरातून मलाच काढायला निघाली ही? "नाही आवरत, जा. काय करायचं ते करा!"

"मग आम्ही आवरतो," मावशी म्हणाली.

लगेच बाकीच्यांचे निरोप येऊ लागले. सपाता मी घेते. कडी माझ्याकडे द्या. चमचा मी काढतो, शिंका सोप्या आहेत, त्याही काढतो. धाकटीचं बोलणं जरा किचकट आहे, दोघं मिळून करू. हीच माणसं परवापर्यंत 'धाकटी आमची लाडकी' म्हणून गळे काढत होती! एकानेही विचारलं नाही की चिंगी, तुला वाईट वाटेल का. कुणीतरी आईच्या हाकेबद्दल विचारलं, तेव्हा मावशीने बजावलं, "हाकेला हात लावायचा नाही. हाक घराची आहे."

निदान हाक तरी वाचली, असं वाटून चिंगीला त्यातल्या त्यात बरं वाटलं. कोटाच्या बाहीला नाक पुसून ती बाहेर आली.

४

सकाळी ती स्वयंपाकघरात गेली आणि आईच्या हातातली गाळणी खाली पडली.

"केवढं दचकवलंस! मांजरासारखी काय येतेस?"

चिंगीने पायांकडे पाहिलं. सपाता त्याच होत्या, फटक फटक वाजून अख्ख्या घराला जाग आणणाऱ्या. तिने पाय आपटला. टाचेला फरशीचा धक्का बसला. आवाज झाला नाही.

झिजल्या असतील, तिने स्वतःला समजावलं. रबर जुनं झालं की मऊ पडतं. खात्री करावी म्हणून तिने दादाच्या सपाता घातल्या आणि बोळातून चालत गेली. काही नाही. दादा उठून आला, तिच्या पायांतून सपाता ओढून घेतल्या, आणि फटक फटक करत आंघोळीला गेला.

"सकाळी सकाळी काय चाळे चाललेत?" तो आतून ओरडला.

तिच्या खोलीची कडी तिने काढली तर गुपचूप निघाली, आईने लावली तर खट्ट वाजली. जेवताना तिला शिंका आल्या. एरवी दादा मोजायचा, चिडवायचा. आज त्याने मानही वर केली नाही. चमचा तिने मुद्दाम ताटावर आपटला. आई म्हणाली, "आज घर कसं शांत शांत वाटतंय. बरं वाटतंय बाई."

दुपारी चिंगीने मंडळात जाऊन आपली गोष्ट लावली. गोष्टीत धाकटी बोळातून येत होती, पण पावलं नव्हती. कडी नव्हती. जिथे शिंका होत्या तिथे नुसती जराशी हवा होती. धाकटीचं बोलणं तेवढं अजून शाबूत होतं. आवाज काढल्यावर सांधा राहतो, तो कुठे कुठे खरखरतो, हे तिला ठाऊक होतं. तिने कान लावलावून शोधला. सांधा नव्हता. काम सफाईदार झालं होतं, एवढं तिलाही मान्य करावं लागलं.

५

वेड लागण्यापेक्षा बहिरं होणं परवडलं, असा विचार करून ती कान तपासून घ्यायला गेली.

दवाखान्यात एक लहानशी खोली होती, भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या. काचेपलीकडे कान तपासणारी बाई बसली होती. चिंगीला आत गेल्या गेल्या आपलं कपाट आठवलं आणि जरा धीर आला. कानांवर यंत्र चढलं. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. तिने एकही शिट्टी सोडली नाही.

"छान! आता मी शब्द सांगेन, तो माझ्यामागून म्हणायचा," बाईंचा आवाज कानात आला. "म्हणा, पाणी."

"पाणी," चिंगी म्हणाली.

काचेपलीकडे बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "पाणी," त्या पुन्हा म्हणाल्या.

"पाणी!"

"अहो ताई, लाजताय काय? ओठ काय नुसते हलवताय? मोठ्याने म्हणा."

चिंगी ओरडली. तिला स्वतःचं ओरडणं डोक्यात नीट ऐकू येत होतं, घशाच्या शिरा ताणल्या होत्या. बाईंनी पुढ्यातलं एक बटण फिरवलं, कान यंत्राशी नेला आणि मान हलवली.

"तुमचे कान ठणठणीत आहेत," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. आता त्या चिंगीकडे नाही, तिच्या खांद्यामागच्या दाराकडे बघत होत्या. "घसा बसलाय पार. घशाच्या डॉक्टरांना दाखवा."

घसा! चिंगीला इतकं हायसं वाटलं की जिन्यात ती एकटीच हसली. घसा बसलाय, एवढंच. कपाटात धुळीत बसून बसून घसा बसणार नाही तर काय? सपातांचं काय, कडीचं काय, हे तिने घरी पोचेपर्यंत मनात येऊ दिलं नाही.

६

आई कपड्यांच्या घड्या करत बसली होती. चिंगीने मोबाइलवर 'माझा घसा बसलाय' असं लिहून तो तिच्यापुढे धरला.

"चष्मा कुठे ठेवलाय कुणास ठाऊक," आई डोळे बारीक करून म्हणाली. "वाच ना तूच. तोंड शिवलंय का?" मग तिने घडी मोडून पुन्हा घातली. "बरं झालं, एक काम झालं आज. तुझ्या खोलीतल्या कपाटाची किल्ली कधीची हरवली होती ना? एक मुलगी येऊन करून गेली."

चिंगी होती तिथेच थांबली.

"मी बोलावली नव्हती हं. तीच आली दारावर. गोड मुलगी. बिचारीचं कुणी नाही म्हणे. उभ्या उभ्याच पाणी प्यायली. म्हटलं, बस गं जराशी, चार घास खाऊन जा. तर म्हणते कशी, पुढच्या खेपेला बसेन." आई हसली. "आवाज ओळखीचा वाटला. तू ते दिवसभर ऐकत असतेस ना, त्यातल्यासारखा."

चिंगीने आईचे दोन्ही खांदे धरले आणि कानाशी तोंड नेऊन सांगू पाहिलं. पुन्हा दार उघडू नकोस. कुणीही आलं तरी उघडू नकोस. आईने तिचे हात हलकेच बाजूला केले, अंगावर आलेली शाल सारावी तसे, आणि पुढचा सदरा घेतला.

मंडळातल्या कुणाचा तरी हा अघोरी विनोद असेल. कुणीतरी पत्ता शोधला असेल, आवाजाची नक्कल केली असेल. नक्कल करणारे तिथे पैशाला पासरी होते. चिंगी हे स्वतःशी घोकत खोलीत गेली. कपाटाच्या दाराला बाहेरून नवी कोरी किल्ली लावलेली होती. हात लावला तर ती कोमट होती.

तिने किल्ली काढून मुठीत घट्ट धरली.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी, स्वयंपाक आटोपून आई जेवणाआधीच जराशी आडवी झाल्यावर, चिंगीने शेवटचा उपाय करायचं ठरवलं. चूक नावं लावण्यात झाली होती, आपलेच आवाज तिने धाकटीचे म्हणून देऊन टाकले होते, तर नावं बदलायची. तिने डबा उघडला. 'धाकटीचा' लिहिलेले सगळे आवाज जागच्या जागी होते आणि सगळे रिकामे होते. एकच भरलेला होता, आईची हाक. तिच्यावरचं नाव कुणीतरी बदललं होतं. आता तिथे लिहिलं होतं, 'किल्लीवालीच्या आईची हाक'.

मग नवा आवाज टाकायचा, अगदी आपल्या नावाने. ती किल्ली घेऊन कपाटात शिरली, दार आतून ओढून घेतलं, मोबाइल चालू केला. "मी धाकटी नाही," ती म्हणाली. "मी चिंगी. हे घर माझं आहे. ही आई माझी आहे. ऐका, कृपा करून ऐका!"

अंधारात मोबाइलच्या पडद्यावर आवाजाची रेघ धावत होती. बोलताना ती उंचसखल व्हायला हवी. ती ताणलेल्या दोरीसारखी सपाट होती. श्वाससुद्धा उमटत नव्हता. चिंगी जिवाच्या आकांताने किंचाळली. रेघ सपाट.

मग रेघेवर दोन लहान टेंगळं उठली. एक, आणि लगेच दुसरं.

कुणीतरी कपाटाच्या दारावर नखाने वाजवलं होतं.

पाठोपाठ बाहेर जुडगं खळखळलं. मुठीतली किल्ली तिच्या तळव्यात रुतली होती. किल्ली बाहेर नव्हती, आत होती, पण जिचा धंदाच कुलपांचा, तिला एका किल्लीचं काय?

"अगं, त्यात काही नाही, जुने कोट आहेत," आईचा आवाज आला. झोपेतून उठलेला, पण खूश. "हवं तर उघडून बघ. तुझे कपडे ठेवायला जागा होईल."

"उघडतेय हं," तो आवाज म्हणाला. सावकाश, जरासा घोगरा. इतक्या जवळून तो चिंगीने कधीच ऐकला नव्हता. "दचकू नका."

दार उघडलं. उजेडात आईचा चेहरा होता, अगदी हातभर अंतरावर, गालावर उशीची वळी उमटलेली. चिंगी तिच्याकडे झेपावली. आईच्या पदराचं टोक तिच्या बोटांत आलं. आईने आत पाहिलं, डावीकडून उजवीकडे. तिची नजर करड्या कोटावरून चिंगीवर आली आणि चिंगीवरून निळ्या कोटावर गेली.

"दचकू नका म्हणे!" आई हसली. "रिकाम्या कपाटाला कोण दचकतंय?"

तिच्या खांद्यामागे कुणीतरी उभं होतं. दार लावायला एक हात पुढे आला. चिंगीला तेवढाच दिसला. किल्ल्या घासून काळवंडलेली बोटं, नखं मात्र स्वच्छ. आणि खाली, आईच्या पायांशेजारी, चिंगीच्या सपाता घातलेले दोन पाय. आई पदर सोडवून घेत वळली.

"चिंगे, ये गं जेवायला," ती त्या दुसरीला म्हणाली. "आज तरी बसून जेव. निवतंय सगळं."

दार बंद झालं. बाहेरून किल्ली फिरली, आणि बोळातून सपाता फटक फटक करत गेल्या. मोबाइलवरची रेघ तेवढ्यापुरती हलत राहिली. मग पुन्हा सपाट झाली.